पॅकेट रेडिओवरून दूरचा संगणक सांभाळताना: आज्ञा उघडी, ओळख पक्की

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, बँडवर काही लपवता येत नाही आणि लपवूही नये. तरीही दिंडोरीकडच्या एखाद्या माळावर ठेवलेला आपला संगणक नाशिकमधल्या घरी बसून पॅकेट रेडिओने, म्हणजे मजकुराची छोटी पाकिटे रेडिओवरून पाठवण्याच्या पद्धतीने, रीस्टार्ट करता येतो, आणि तोच रीस्टार्ट दुसऱ्या कुणाला करता येणार नाही असा बंदोबस्तही करता येतो. नव्या हॅम मंडळींना हे पटायला वेळ लागतो, कारण इंटरनेटच्या सवयीमुळे सुरक्षा म्हणजे एन्क्रिप्शन असे समीकरण डोक्यात पक्के झालेले असते. मजकूर कुणाला कळू न देणे हे एक काम आहे. मजकूर नेमका कुणाकडून आला हे सिद्ध करणे हे दुसरे. हॅम रेडिओवर पहिल्याला मनाई आहे, दुसऱ्याला नाही.

लासलगावला कांद्याच्या लिलावात बोली सगळ्या बाजाराला ऐकू जाते, पण व्यवहार ठरतो तो ज्याच्या नावाची पट्टी फाटते त्याच्याशी. आपल्यालाही तसेच करायचे आहे. आज्ञा सगळ्यांनी ऐकली तरी चालेल, पण दूरच्या संगणकाने ती मानायची ती फक्त आपली मोहोर पाहून.

आधी नियम

हॅम परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून मिळतो. वयाची अट किमान १२ वर्षांची. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३ ने आणि जनरल श्रेणीला व्हीयू२ ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे हवेवरचे ओळखनाव, मिळते. आपल्याकडे २ मीटर बँड म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि या लेखातले सगळे काम तिथेच होते. हॅम सेवेचे १९७८ चे नियम, त्यातल्या सुधारणा आणि आपल्या परवान्यावर छापलेल्या अटी एकदा शांतपणे वाचा. संभाषण साध्या भाषेत हवे, हे त्यातले मूळ तत्त्व. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे रेडिओ नियमही दोन देशांतल्या हॅम केंद्रांमध्ये अर्थ लपवण्यासाठी केलेल्या सांकेतिक प्रक्षेपणाला मनाई करतात. उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या नियंत्रण आज्ञा एवढाच त्याला अपवाद.

म्हणून एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची नेहमीची पद्धत) जसेच्या तसे या बँडवर चालवायचे नाही. ते सगळे सत्र एन्क्रिप्ट करते. टेलनेट, म्हणजे त्याआधीची विनाएन्क्रिप्शन पद्धत, नियमात बसते, पण त्यात पासवर्ड उघडा जातो आणि ऐकणारा प्रत्येक जण पुढच्या वेळी तुमच्या नावाने आत शिरू शकतो. दोन्ही वाटा बंद आहेत.

माणूस हजर नसताना केंद्र चालवणे आणि रेडिओचा दुवा इंटरनेटला जोडणे, या दोन मुद्द्यांवर परवान्यातल्या अटी खास तपासा. शंका असेल तर खात्याला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत इंटरनेटची जोडणी करू नका, आणि दूरच्या ठिकाणी परवानाधारक माणूस हजर असतानाच प्रयोग करा.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. द्राक्षबागेतला पाण्याचा पंप, वायनरीतले तापमान, कारखान्यातले यंत्र यांसाठी हॅम बँड नाही. धंद्याच्या कामाला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा किंवा २.४ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे. तिथे शक्तीची मर्यादा पाळून एन्क्रिप्शन खुशाल वापरता येते, आणि तिथे एसएसएच हेच योग्य उत्तर. हॅम बँडवर संगणक सांभाळायचा तो हॅम केंद्राचाच: डिजिपीटर (ऐकलेले पॅकेट पुढे पाठवणारे केंद्र), मेलबॉक्स (निरोप साठवणारे केंद्र), हवामानाचा प्रयोग असा. हे बंधन पाळले तरच हा बँड आपल्याला टिकवता येईल.

जागा आणि यंत्रसामग्री

नाशिकची जमीन व्हीएचएफला (२ मीटर बँड ज्यात येतो त्या लहरींना) अनुकूलही आहे आणि कठीणही. शहर साधारण ६०० मीटर उंचीवरच्या पठारावर वसलेले. पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग, उत्तरेला रामशेज, दक्षिणेला पांडवलेणीचा डोंगर. दोन अँटेनांमध्ये यांतला कुठला डोंगर आडवा येतो का, हे नकाशावर आधी पाहा. मग दोन हातसंच घेऊन प्रत्यक्ष बोलून पाहा. आवाज स्वच्छ येत नसेल तर पॅकेट मुळीच येणार नाही. कानाला चालणारी खरखर डेटाला चालत नाही.

दोन्ही टोकांना सामान सारखेच लागते: २ मीटरचा एफएम संच, यूएसबी साउंड कार्ड असलेला इंटरफेस, लहान संगणक (रास्पबेरी पाय पुरतो), १२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर. पूर्वी डेटाचे सूर आणि सुरांचा परत डेटा करायला टीएनसी नावाचा वेगळा डबा लागायचा. आता डायरवुल्फ हा मुक्त प्रोग्रॅम तेच काम साउंड कार्डावर करतो. वेग १२०० बॉड (इथे सेकंदाला १२०० बिट), आवाजाचे सूर १२०० आणि २२०० हर्ट्झ. संच प्रक्षेपणावर घालायला व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप चालू होण्याच्या सोयीवर) विसंबू नका, पीटीटीची (प्रक्षेपणाच्या बटणाची) वेगळी तार द्या. संचातला टाइम-आउट टायमर दोन्हीकडे चालू ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम अडकला की संच तासन्‌तास प्रक्षेपण करत तापत राहील आणि सगळ्यांची फ्रिक्वेन्सी अडवून ठेवील. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर एप्रिलच्या आत लावून घ्या.

डायरवुल्फची एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो नेटवर्कवर ८००० आणि ८००१ हे दोन पोर्ट (जोडणीची दारे) उघडतो. त्याच वाय-फायवरचा कुणीही त्यांतून तुमच्या संचावरून, तुमच्या जबाबदारीवर प्रक्षेपण करू शकतो. फायरवॉलने हे दोन्ही पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद करा आणि ते फक्त त्याच संगणकाला उपलब्ध ठेवा. हे काम आजच करा, बाकीचे नंतर.

धोका नेमका कुठे आहे

पॅकेट रेडिओचा एएक्स.२५ हा प्रोटोकॉल प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याचे कॉल साइन घालतो. पण ते फक्त लिहिलेले असते, कुणी तपासलेले नसते. दुसऱ्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे कॉल साइन भरले की पॅकेट तुमचेच दिसते. पॅकेटच्या शेवटी १६ बिटांची तपासणी बेरीज असते, पण ती खरखरीने झालेली चूक पकडते. मुद्दाम केलेली बनवाबनवी तिला कळत नाही, कारण बनावट पॅकेट पाठवणाराही बेरीज बरोबरच काढतो.

यावर जुना उपाय एकदाच चालणाऱ्या पासवर्डांचा. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये त्याची कल्पना मांडली, पुढे त्यावरून एस/की ही पद्धत आली. फोनवर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे आज सगळ्यांना माहीत आहेत, तेही याच कुळातले. हवेवर ऐकू गेलेला पासवर्ड वापरून झालेला असतो, म्हणून चोराच्या कामाचा नाही. ऐकायला हे पुरेसे वाटते, पण पुरेसे नाही. तुम्ही लॉगिन करता, आणि त्यानंतरचे सत्र उघडे असते. त्या सत्राच्या मध्येच कुणी तुमच्या नावाने पुढचे पॅकेट सोडले तर दूरचा संगणक ते मुकाट्याने पाळतो. दुसरे असे की तुमचे पॅकेट माळापर्यंत पोहोचलेच नाही, पण दुसऱ्या कुणी ते नीट टिपले, तर तो न वापरलेला पासवर्ड आयता त्याच्या हातात पडतो. मग त्याला तो हव्या त्या आज्ञेला जोडता येतो.

म्हणून माझे ठाम मत आहे की या कामात लॉगिन ही कल्पनाच सोडून द्यावी. सत्र नको, शेल (हवी ती आज्ञा टाइप करायची सोय) नको. प्रत्येक आज्ञा सुटी, आणि प्रत्येक आज्ञेवर तिची स्वतःची मोहोर.

आज्ञेची रचना

मोहोर काढायला एचमॅक ही पद्धत वापरा. ती १९९७ च्या आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडलेली आहे आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ लायब्ररीतच मिळते, वेगळे काही बसवावे लागत नाही. मजकूर आणि गुप्त किल्ली एकत्र घेऊन ती एसएचए-२५६ या गणिती रीतीने एक लांब आकडा काढते. किल्ली नसेल तर तो आकडा काढता येत नाही, आणि मजकुरातले एक अक्षर बदलले तरी आकडा पूर्ण बदलतो. मजकूर मात्र उघडाच राहतो. ऐकणाऱ्या कुणालाही आज्ञा काय होती ते वाचता येते, अर्थ कुठेही झाकला जात नाही.

हवेवर जाणाऱ्या एका ओळीत एवढे भाग ठेवा, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून: पाठवणाऱ्याचे कॉल साइन, घेणाऱ्याचे कॉल साइन, दिशा (आज्ञा की उत्तर), अनुक्रमांक, आज्ञेचा शब्द, आणि शेवटी मोहोर. मोहोर आधीच्या सगळ्या भागांवर काढायची. कॉल साइन पॅकेटच्या शीर्षकात असताना मजकुरात पुन्हा कशाला, असा प्रश्न पडेल. वाटेत डिजिपीटर असेल तर तो शीर्षकात आपली खूण करतो. शीर्षकावर मोहोर काढली तर ती तिथेच मोडेल. म्हणून मोहोर फक्त मजकुरावर, आणि मजकुरात दोन्ही कॉल साइन.

दिशेचा शब्द आवश्यक आहे. तो नसेल तर संगणकाने पाठवलेले उत्तर कुणी टिपून त्यालाच परत पाठवले, की त्याला ती खरी मोहोर असलेली आज्ञा वाटू शकते. आज्ञेसाठी एक आणि उत्तरासाठी वेगळी अशा दोन किल्ल्या ठेवल्या तर आणखी चांगले.

पूर्ण एचमॅक ३२ बाइटांचा असतो. तेवढा पाठवायची गरज नाही, पहिले १० बाइट, म्हणजे २० षोडशमान अक्षरे, पुरतात. आरएफसी २१०४ मध्ये मोहोर ८० बिटांपेक्षा छोटी करू नये असा सल्ला आहे, तो यात पाळला जातो. त्यातच निम्म्याहून कमी करू नये असेही म्हटले आहे. त्या सावधपणाला धरून राहायचे असेल तर १६ बाइट पाठवा. १२०० बॉडला जास्तीची १२ अक्षरे म्हणजे जेमतेम ०.०८ सेकंद. अख्खे पॅकेट शीर्षकासह सुमारे ८० ते ९० बाइटांचे होते. त्याला साधारण ०.६ सेकंद लागतात, आणि त्याआधी संच स्थिरावायला ०.३ सेकंद. म्हणजे एक आज्ञा साधारण सेकंदात हवेवरून जाते. पॅकेट यूआय प्रकारचे, म्हणजे जोडणी न करता सोडलेले असू द्या.

आज्ञेचे शब्द रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकावर अक्षरे साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, तेव्हा मराठी शब्द या वेगावर महाग पडतात.

अनुक्रमांक: सगळ्यात नाजूक भाग

मोहोर खरी असली तरी ऐकणारा तुमचे अख्खे पॅकेट जसेच्या तसे उद्या पुन्हा वाजवू शकतो. ते अडवतो अनुक्रमांक. दूरच्या संगणकाने शेवटी मान्य केलेला क्रमांक लक्षात ठेवायचा आणि त्याहून मोठा असेल तरच नवी आज्ञा मानायची. सांगायला सोपे आहे, पण प्रोग्रॅम लिहिताना तीन ठिकाणी जपा.

पहिले, क्रम. मोहोर तपासून झाली की आधी नवा क्रमांक डिस्कवर पक्का लिहा, आणि मगच आज्ञा चालवा. उलट केले आणि मध्येच वीज गेली, तर तीच आज्ञा पुन्हा चालवता येईल. रीस्टार्टच्या आज्ञेत हे हटकून घडते.

दुसरे, हरवलेले उत्तर. आज्ञा पोहोचली, पाळली गेली, पण उत्तर तुमच्यापर्यंत आले नाही, असे पॅकेटवर रोज होते. तुम्ही तोच क्रमांक आणि तीच आज्ञा पुन्हा पाठवाल. अशा वेळी संगणकाने आज्ञा पुन्हा न चालवता साठवलेले जुने उत्तरच परत द्यायचे. त्यामुळे मनात शंका न ठेवता हवे तितके वेळा पाठवता येते.

तिसरे, मेमरी कार्ड. रास्पबेरी पायचे कार्ड वीज जाऊन-येऊन खराब होते. नव्या कार्डावर क्रमांक शून्यापासून सुरू झाला तर आजवर कुणी टिपून ठेवलेले प्रत्येक जुने पॅकेट पुन्हा जिवंत होते. म्हणून क्रमांक दोन ठिकाणी लिहा. क्रमांकाची फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅमने सगळ्या आज्ञा नाकाराव्यात. नवीन कार्ड घालताना किल्लीही नवीनच घाला.

घड्याळावर आधारलेली पद्धत मी इथे सुचवत नाही. रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेलांना स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते. इंटरनेट नसलेल्या जागी ते वीज गेल्यावर चुकीची वेळ धरते, आणि तुम्ही बाहेरच अडकून बसता.

किल्ली

किल्ली ३२ बाइटांची, संगणकाच्या यादृच्छिक (रँडम) स्रोतातून काढलेली हवी. गोदावरी, गंगापूर, आपला गाडी नंबर असले शब्द घेऊन किल्ली बनवू नका. हवेवर एक ओळ टिपली की टिपणाऱ्याकडे मजकूरही असतो आणि त्याची मोहोरही. घरी बसून तो लाखो शब्द लावून पाहू शकतो, आणि तिथे १२०० बॉडचा अडथळा त्याला नसतो. ३२ यादृच्छिक बाइट असतील तर हा मार्ग बंद होतो. या पद्धतीची ताकद किल्लीत आहे. तुमची रचना, अनुक्रमांक, मोहोर काढायची रीत हे सगळे क्लबच्या फलकावर लावले तरी चालते, आणि तसे लावावेच. पद्धत उघड असली की आपण काही लपवत नाही हे ऐकणाऱ्यांनाही दिसते.

किल्ली पेन ड्राइव्हवरून, स्वतः हाताने त्या जागी न्यायची. हवेवरून, व्हॉट्सअॅपवरून, ईमेलवरून कधीच नाही. फाइल फक्त त्या प्रोग्रॅमच्या वापरकर्त्यालाच वाचता यावी. केंद्र दोघे-तिघे मिळून सांभाळत असाल तर प्रत्येकाला वेगळी किल्ली आणि वेगळा अनुक्रमांक द्या. एखादा बाहेर पडला तर त्याचीच किल्ली काढता येते, आणि कुठली आज्ञा कुणी दिली हेही नोंदीत कळते.

मोजक्याच आज्ञा

आलेला मजकूर कधीही शेलला देऊ नका. प्रोग्रॅममध्ये आज्ञांची पक्की यादी ठेवा. त्यात असलेल्याच शब्दाला ठरलेले काम, बाकी सगळे नाकारायचे. सुरुवातीला पाच आज्ञा भरपूर होतात: स्थिती सांग (बॅटरीचे व्होल्टेज, तापमान, मोकळी जागा, किती वेळ चालू आहे), डिजिपीटर सेवा पुन्हा सुरू कर, संगणक रीस्टार्ट कर, प्रक्षेपण बंद कर, शेवटच्या पाच नोंदी दाखव. यांतली प्रक्षेपण बंद करण्याची आज्ञा सर्वांत आधी लिहा आणि तपासा. केंद्र परवानाधारकाच्या ताब्यात आहे याचा अर्थ ते गप्प करणे त्याच्या हाती आहे. रेडिओनेच ते जमले नाही तर जाऊन वीज काढील असा माणूसही जवळ हवा.

प्रोग्रॅम वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याखाली चालवा आणि सुडोमध्ये (वरचे अधिकार मोजून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) त्याला तेवढ्या तीन-चार कामांचीच परवानगी द्या. मोहोर जुळवायला पायथनचे कंपेअर डायजेस्ट हे फंक्शन वापरा. चुकीची मोहोर आली तर उत्तर देऊ नका, फक्त नोंद करा. तीन चुकांनंतर दार बंद असली व्यवस्था मात्र करू नका. मग कुणीही तीन कचरा पॅकेट टाकून तुम्हालाच बाहेर ठेवील. या वेगावर ८० बिटांची मोहोर अंदाजाने लावणे अशक्यच आहे.

रीस्टार्टच्या आज्ञेला आधी उत्तर पाठवा, दहा सेकंद थांबा, मग रीस्टार्ट. सेटिंग बदलायची आज्ञा पुढे कधी घालणार असाल तर बदल तात्पुरता ठेवा: दहा मिनिटांत 'कायम कर' ही दुसरी आज्ञा आली नाही तर जुने सेटिंग आपोआप परत. नव्या सेटिंगने रेडिओच बंद पडला तरी मग माळावर धाव घ्यावी लागत नाही. हार्डवेअर वॉचडॉगही (संगणक अडकला की तो आपोआप रीस्टार्ट करणारी सोय) चालू ठेवा.

उत्तरांवरही मोहोर हवी, नाहीतर 'सगळे ठीक' असे कुणीही सांगेल. उत्तर २५६ बाइटांच्या आत बसवा, आणि ते सगळा जिल्हा वाचतो हे लक्षात ठेवून त्यात काय जाते ते पाहा. नोंदींच्या ओळींत वाय-फायचा पासवर्ड, फोन नंबर, घराचा पत्ता सहज सापडतात. ते आधीच गाळा.

चाचणी

घरच्या टेबलावर, दोन्ही संचांना डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती गिळणारा भार) लावून, सर्वांत कमी शक्तीवर सुरुवात करा. स्थितीची आज्ञा द्या, उत्तर येऊ द्या. मग मोबाइलवर आज्ञेचा आवाज रेकॉर्ड करा. पॅकेट म्हणजे शेवटी दोन सुरांचा आवाजच. ते रेकॉर्डिंग माइकपुढे वाजवून पाहा. स्थितीच्या ओळीला साठवलेले जुने उत्तरच यायला हवे. त्यानंतर नवी आज्ञा देऊन पुन्हा तेच रेकॉर्डिंग वाजवा, आता काहीच होता कामा नये. पुढे मजकुरातले एक अक्षर बदलून पाठवा. रीस्टार्टची आज्ञा पोहोचल्या क्षणी दूरच्या संगणकाची वीज काढा, तो उठल्यावर तीच ओळ पुन्हा पाठवा. क्रमांकाची फाइल पुसून पाहा. यांतली एकही चाचणी राहिली असेल तर यंत्र माळावर नेऊ नका.

माळावर बसवल्यावर पहिले काही आठवडे फक्त स्थितीची आज्ञा चालू ठेवा आणि नोंदी रोज वाचा. निफाडकडे थंडी पडून धुके उतरते त्या पहाटेला सिग्नल एरवीपेक्षा लांब जाऊ शकतो आणि अनोळखी केंद्रांची पॅकेटे तुमच्या नोंदीत दिसू लागतील. ती नाकारली जात आहेत ना, तेवढे पाहा. सिंहस्थाच्या गर्दीत मोबाइल नेटवर्कवर ताण आला तर अशा केंद्राचा खरा उपयोग होईल, पण ते केंद्र त्याआधी एक पावसाळा काढलेले असावे.

लॉगबुकात प्रत्येक आज्ञेची वेळ, क्रमांक आणि पाठवणारा लिहा. किल्ली वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर अँटेना आणि बॅटरी पाहायला जाल तेव्हाच बदला. जुनी किल्ली दोन्ही टोकांवरून पुसा, अनुक्रमांक एकपासून सुरू करा, आणि तिथून निघण्यापूर्वी हातसंचाला लॅपटॉप जोडून नव्या किल्लीने एक स्थिती मागवून पाहा.